रस्त्यावरचं मीठ आणि न आलेल्या गाडीसाठी पडलेलं फाटक

पावशेर | बुधवार

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते, इकडे धागा काढायची पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. लेकीच्या बालवाडीकडे जाताना मध्ये रेल्वेचं फाटक लागतं. परवा रात्रभर बर्फ पडला, पहाटे मिठाचे ट्रक फिरून गेले. साडेआठला तिला सोडायला गेले तेव्हा फाटक शहाण्यासारखं वर होतं. साडेअकराला आणायला निघाले, तर ऊन पडलेलं, रस्त्यावर राखाडी रबडी झालेली आणि फाटक खाली. लाल दिवे लुकलुकतायत, घंटा वाजतेय, गाडीचा पत्ता नाही.

पाच मिनिटं गेली. माझ्या पुढे पिवळी स्कूलबस होती, तिची ड्रायव्हर बाई ढिम्म हलेना. समोरून मात्र एक मोटार आली, थांबली, डावीउजवीकडे पाहिलं आणि दांड्याला वळसा घालून निघून गेली. मग दुसरी. तिसरी तर थांबलीसुद्धा नाही. खरं सांगते, बस मध्ये नसती तर चौथी मीच होते. अकराव्या मिनिटाला फाटक आपलं आपण उघडलं. गाडी आलीच नाही.

शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, "मीठ! दर हिवाळ्यात होतं." आता मिठाचा आणि फाटकाचा काय संबंध? आणि हा नुसता वैताग आहे की खरंच काळजीचं काही आहे?

फुकटचा_सल्ला | बुधवार

भाजीत मीठ जास्त झालं की बटाटा घालतात. रुळांत दोन-चार टाकून बघा. (हलके घ्या.)

जुना_सिग्नलवाला | गुरुवार

पावशेरताई, तुमचे शेजारी बरोबर सांगतायत. मी मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला, पण हा आजार ओळखीचा आहे. आमच्याकडे तो जून ते सप्टेंबर येतो, तुमच्याकडे डिसेंबर ते मार्च.

गाडी आलेली फाटकाला कळते कशी? दोन रूळ म्हणजे दोन तारा समजा. एका टोकाला त्यांना बॅटरी जोडलेली, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंट मिळतोय तोवर उचललेला राहणारा आणि तुटला की खाली पडणारा (ड्रॉप होणारा) विजेचा खटका. व्होल्टेज अगदी किरकोळ, एक-दोन व्होल्ट. करंट एका रुळाने जातो, रिलेतून फिरतो, दुसऱ्या रुळाने परत येतो. रिले उचललेला आहे तोवर ट्रॅक मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि त्यांना जोडणारा आस मिळून दोन्ही रूळ थेट जोडतात. जवळची वाट मिळाल्यावर करंट रिलेपर्यंत कशाला तंगडतोड करेल? रिले ड्रॉप होतो आणि फाटक पडतं. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने १८७२ साली याचं, म्हणजे ट्रॅक सर्किटचं, पेटंट घेतलं, आणि जगात अजून तेच चाललंय. तुमच्याकडे बऱ्याच फाटकांवर आता साध्या रिलेऐवजी गाडीचा वेग ओळखून वेळ जुळवणारं यंत्र असतं. पण त्याचे डोळे म्हणजेही हेच दोन रूळ.

यातली हुशारी अशी की बॅटरी मेली, तार तुटली, रूळ तुटला, काहीही झालं तरी रिले ड्रॉपच होतो. बिघडलं तर फाटक पडलं पाहिजे, हे मुळातच धरून चाललेलं आहे.

आता मीठ. दोन रुळांच्या मध्ये स्लीपर, खडी आणि फाटकावर रस्त्याचं पॅनेल. कोरडं असेल तर यातून करंट जवळजवळ जात नाही. ओलं झालं की थोडा झिरपतो. खारट पाण्याने ओलं झालं की इतका झिरपतो की रिलेला वाटतं, आली गाडी. आमच्याकडे खडीचा रोध स्टेशन यार्डात किलोमीटरला २ ओहम आणि दोन स्टेशनांमधल्या ब्लॉक सेक्शनमध्ये ४ ओहमच्या खाली जाऊ द्यायचा नाही असा नियम. मुंबईत रुळांत पाणी साठलं की लोकल जागच्या जागी उभ्या राहतात, त्यात याचा मोठा हात असतो. आमचा पाऊस निदान गोडा तरी. तुम्ही लोक मीठ कालवून ओतता!

मीठभाकर | गुरुवार

काकांच्या प्रतिसादाला रसायनशास्त्राची फोडणी देतो. (सांगलीकडे कॉलेजात शिकवतो, आयडी मात्र आजच कामाला आला.)

धाग्यातल्या एका वाक्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. साडेआठला फाटक ठीक होतं, साडेअकराला बिघडलं. मीठ तर पहाटेच पडलं होतं, मग तीन तास ते काय करत होतं?

मिठाचा कोरडा खडा वीज नेत नाही. त्यातले सोडियम आणि क्लोराइडचे आयन जागच्या जागी जखडलेले असतात. पाण्यात विरघळले की सुटे होतात आणि करंटची हमाली करायला लागतात. पहाटेच्या कडाक्यात रुळांमधला बर्फ अजून घट्ट होता, मीठ वर नुसतं पडून होतं. मग ऊन आलं, रबडी झाली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोटारीने टायरला लागलेला खारट चिखल आणून रुळालगतच्या खाचेत झटकला. साडेअकरापर्यंत तिथे बॅटरी जोडता येईल इतकं छान द्रावण तयार झालेलं असणार.

साधं मीठ पाण्याचा गोठणबिंदू फार तर उणे २१ अंशांपर्यंत खाली नेतं, तेही द्रावण सुमारे २३ टक्क्यांचं असेल तर. प्रत्यक्ष रस्त्यावर ते उणे ९-१० च्या पुढे दमतं. म्हणून थंडी वाढली की मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. पहिलं उणे ३३ पर्यंत जातं, दुसरं उणे ५० च्याही खाली. पण या दोघांना हवेतलं पाणी ओढून घ्यायची खोड आहे, त्यामुळे ते धड सुकत नाहीत. रस्तेवाल्यांना नेमकं तेच हवं असतं आणि सिग्नलवाल्यांना नेमकं तेच नको असतं.

गोठलेली_चकली | गुरुवार

कॅलगरीहून रामराम. मग फाटकाच्या अलीकडे-पलीकडे पन्नास मीटर मीठ टाकूच नका ना! इतकं सोपं आहे. नाहीतर ते पर्यावरणस्नेही द्रव मिळतात ते फवारा. आमच्या सोसायटीत बिटाच्या रसाचं काहीतरी आणलं होतं. रस्ता आठवडाभर लालसर दिसत होता, पण मीठ कमी लागलं म्हणे.

मीठभाकर | गुरुवार

चकलीताई, बिटाच्या रसातली साखर आयन देत नाही हे खरं, पण तो रस मिठाच्या पाण्यातच मिसळून फवारतात. अॅसिटेटची द्रावणं मिळतात, त्यांत क्लोराइड नसल्याने गंज कमी, पण आयन आहेतच. करंट झिरपायचा तो झिरपणार. आयन न देणारा एक पदार्थ म्हणजे युरिया. तो उणे ११ च्या आसपास हात टेकतो, आणि वितळून ओढ्यात गेला की तिथे शेवाळाची शेती. पाटीवर 'पर्यावरणस्नेही' लिहिलेलं असलं तरी रिलेला वाचता येत नाही.

उत्तरवारा | गुरुवार

"इतकं सोपं आहे" म्हणे! अहो ताई, मी मूळचा यवतमाळचा, पण अकरा हिवाळे झाले, मिनेसोटात काउंटीच्या रस्ते खात्यात आहे. बर्फ पडला की रात्री दोनला प्लाऊ (बर्फ सारणारा ट्रक) घेऊन निघतो. जरा आमचीही बाजू ऐका.

फाटक आलं की मी तीन गोष्टी करतो. फाळ दोन बोटं उचलतो, नाहीतर रुळात अडकून स्टिअरिंगवर नाक आपटतं. बाजूला गोळा झालेली बर्फाची वळ रुळांमध्ये पडू देत नाही, ती पलीकडे नेऊन टाकतो. आणि मीठ उडवणारी चकती रुळांच्या अलीकडे बंद करून पलीकडे पुन्हा सुरू करतो. हे सगळं अंधारात, वायपरला बर्फ चिकटलेला असताना. तरी मीठ रुळांत जातंच, कारण मीठभाकर सर म्हणाले तसं ते मोटारींच्या टायरवर बसून जातं.

आता पन्नास मीटर मीठच टाकू नका म्हणता. म्हणजे नेमकं कुठे? जिथे मोटारींनी ब्रेक दाबून थांबायचंय तिथे! फाटक अगदी वेळेवर पडलं, पण खाली काचेसारखा बर्फ आहे, तर मोटार दांडा मोडून थेट रुळांवर जाऊन बसेल. एक पिकअप माझ्या डोळ्यांदेखत तशी घसरत गेली होती. दांडा बॉनेटवर, पुढची चाकं रुळांत. गाडी यायला वेळ होता म्हणून निभावलं. फाटकाच्या तोंडाशी मीठ बाकी रस्त्यापेक्षा जास्तच लागतं, बाप्पा.

रच्याकने, पावशेरताई, त्या बसवाल्या बाईंचा वैताग मानू नका. तुमच्याच राज्यात फॉक्स रिव्हर ग्रोव्हला १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये स्कूलबस पुढच्या लाल दिव्याला उभी होती आणि तिची शेपटी रुळांवर राहिली होती. ७ मुलं गेली. तिथे मिठाचा संबंध नव्हता, पण इलिनॉयमध्ये बस चालवणारा कुणी ते विसरत नाही. आणि वळसा घालणाऱ्यांना सांगा, पकडलं तर पहिल्याच वेळी ५०० डॉलर.

गोठलेली_चकली | गुरुवार

बरं बाबा, मीठ टाका. माघार.

जुना_सिग्नलवाला | शुक्रवार

उत्तरवारा, तुमचा प्रतिसाद आवडला. रूळ-खडी बघणारा गँगमन आणि सिग्नलवाला यांचं भांडण आमच्याकडेही सनातन आहे. ते म्हणतात खडी आम्ही सांभाळतो, आम्ही म्हणतो मग ओहम का उतरले?

काल ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला बगल दिली होती, कारण सवडीने लिहायचं होतं. उगाच पडलेलं फाटक हा बिघाडांमधला सभ्य माणूस आहे. चारचौघांत ओरडून सांगतो की मी बिघडलोय. याचा एक भाऊ आहे, तो गप्प बसतो. गाडी येते आणि फाटकाला ती दिसतच नाही.

चाक आणि रूळ यांच्या मध्ये काहीतरी आलं की आस दोन रूळ नीट जोडू शकत नाही. आम्ही म्हणायचो, शंट होत नाही. मध्ये येणारी वस्तू म्हणजे गंजाचा पापुद्रा, वाळू, किंवा चाकाखाली दाबून दाबून दगड झालेला बर्फ. मीठ गंज आणतं. ज्या रुळावरून दिवसाला पन्नास गाड्या जातात तो चाकांनी घासून चकचकीत राहतो. पण आठवड्याला दोन मालगाड्या जाणारी साइडिंग (बाजूचा रूळ) आणि तिच्यावर आडवा जाणारा, मीठ टाकलेला रस्ता, तिथे मी असतो तर रात्री झोपलो नसतो. बरं, तुमच्याकडे काही ठिकाणी चाकांना पकड मिळावी म्हणून मिठात वाळू मिसळून टाकतात. म्हणजे पहा, मीठ करंटला नको तिथे वाट करून देतं आणि वाळू हवी तिथली वाट अडवते. दोन उलटे बिघाड एकाच ट्रकमधून पडतात!

तपासायची पद्धत साधी आहे. दोन रुळांवर ठरावीक रोधाची तार टाकायची आणि रिले पडतो का ते बघायचं. आपल्याकडे ०.५ ओहम टाकून बघतात, अमेरिकेत ०.०६ ओहम. म्हणजे आपला ट्रॅक जरा वाईट स्पर्शालाही गाडी मानतो. हे ऐकून लगेच कॉलर ताठ करू नका. सर्किट जितकं हळवं करावं तितकं ते पावसात उगाच पडतं. गाडी नक्की दिसावी म्हणून खटपट केली की नसलेल्या गाड्याही दिसायला लागतात. आमची अर्धी नोकरी या दोहोंच्या मध्ये सुई स्थिर ठेवण्यात गेली.

आणि एक मोठा फरक. आपल्याकडे इंटरलॉक, म्हणजे सिग्नलशी जोडलेलं, फाटक असेल तर ते बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. मुंबईजवळच्या दिवा स्टेशनच्या फाटकापायी लोकल खोळंबायच्या त्या यामुळेच. फाटकाच्या सिग्नलला 'जी' ची पाटी असेल आणि तो लाल राहिला, तर ड्रायव्हर दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबतो आणि मग फाटक डोळ्याने बघत बघत पुढे येतो. अमेरिकेत सहसा गाडीच्या सिग्नलचा आणि फाटकाचा असा काही करार नसतो. फाटक पडो न पडो, गाडी तिच्या वेगाने येणार. कायद्याने फाटकाने गाडीच्या आधी किमान २० सेकंद इशारा द्यायचा आणि गाडी पोचण्याच्या ५ सेकंद आधी दांडा आडवा झालेला हवा. म्हणजे ताई, तुमच्या समोरचा तिसरा मोटारवाला, जो थांबलाही नाही, तो फाटक खोटं बोलतंय या भरवशावर गेला. त्याला २० सेकंदांत खरं-खोटं ठरवायचं होतं, तेही बर्फावर.

फुकटचा_सल्ला | शुक्रवार

बटाट्याबद्दल माफी. आता जरा कामाचं बोलतो, कारण गाड्यांचा नाद मलाही आहे.

काकांचा गप्प बसणारा भाऊ इलिनॉयमध्ये चांगलाच गाजला आहे. शिकागोहून दक्षिणेला कार्बनडेलला अॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीच्या इलिनाय आणि सालुकी या गाड्या जातात, त्या कॅनेडियन नॅशनल या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या रुळांवरून. गाडी छोटी असली की रुळांना ती नीट जाणवत नाही, म्हणून तिथे गाडीला किमान ३२ आस हवेत अशी अट घातली गेली. एका इंजिनाचे चार आस, एका डब्याचे चार. करा हिशेब: एक इंजिन आणि सात डबे. प्रवासी असोत नसोत, फाटकांना गाडी दिसावी म्हणून डबे जोडून हिंडवायचे. यावरून दोन्ही कंपन्यांची बरीच वर्षं जुंपली होती.

गोठलेली_चकली | शुक्रवार

काका, मग रुळांच्या भरवशावर राहायचंच कशाला? चाकं मोजणारं यंत्र असतं ना?

जुना_सिग्नलवाला | शुक्रवार

असतं. अॅक्सल काउंटर. रुळाला बांधलेली डबी चुंबकीय क्षेत्रातून चाक गेलं की मोजते. आत वीस गेली, बाहेर वीस आली, ट्रॅक मोकळा. खडी ओली की खारट याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. आमच्याकडे पाणी साठतं तिथे ते बसवतात. पण मोजणी एकदा चुकली की माणसाने खात्री करून रिसेट करावं लागतं, आणि रूळ तुटला तर याला पत्ता लागत नाही. ट्रॅक सर्किट तुटलेला रूळही बऱ्याचदा सांगून जातं.

पावशेर | शुक्रवार

वाचून पोटात गोळा आला, आणि तो तिसरा मोटारवाला डोळ्यांसमोरून जात नाहीये. पण मी करू काय? पुन्हा असं झालं तर बसून राहू? पोलिसांना फोन करू?

उत्तरवारा | शुक्रवार

फाटकाच्या खांबावर किंवा शेजारच्या पेटीवर एक निळी पाटी असते, पांढऱ्या अक्षरांची. त्यावर रेल्वेचा आपत्कालीन फोन नंबर आणि त्या फाटकाचा स्वतःचा क्रमांक असतो. सहा आकडे आणि एक अक्षर. तिथे फोन करायचा. पोलिसांना केलात तर ते पुन्हा तिकडेच करणार, त्यात मिनिटं जातात. मोटार रुळांवर अडकली असेल तर आधी सगळ्यांनी उतरून लांब पळायचं, फोन नंतर.

तक्रार गेली की रेल्वेला येणाऱ्या गाड्यांना कळवावंच लागतं. फाटक उगाच पडलेलं असेल आणि तिथे झेंडीवाला माणूस नसेल, तर इंजिन फाटक ओलांडेपर्यंत गाडीने ताशी १५ मैलांच्या वर जायचं नाही. आणि फाटक पडतच नसेल, तिथे माणूस किंवा पोलीसही नसेल, तर गाडीने थांबायचं, एकाने खाली उतरून रस्ता अडवायचा, मग पुढे. म्हणून "मिठामुळे होतं, दर वर्षीचंच आहे" म्हणून सोडून देऊ नका, फोन करा. तुमच्या म्हातारबुवांनी किती हिवाळे सोडून दिलेत कुणास ठाऊक.

मीठभाकर | शनिवार

+१. पाटीचा फोटो आत्ताच काढून ठेवा. बर्फात पाटीही झाकली जाते.

पावशेर | पुढच्या गुरुवारी

मंडळी, अपडेट!

सोमवारी पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ, आणि मंगळवारी पावणेबाराला पुन्हा तेच. या वेळी लेक मागच्या सीटवर होती. पाटीचा फोटो होताच (धन्यवाद मीठभाकर. सहा वर्षं त्या रस्त्याने जातेय, ही पाटी मी कधी पाहिलीच नव्हती). फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फाटकाचा क्रमांक विचारला, दांडे वर की खाली, रुळांवर कुठली मोटार अडकली आहे का. मिनिटभरात संपलं.

थोड्या वेळाने खरंच गाडी आली, सायकलच्या वेगाने, भोंगा वाजवत. माझ्या शेजारच्या लेनमधला एकजण वळसा घालायच्या बेतात होता. त्याने गाडी पाहिली आणि निमूट मागे घेतली.

मग मी लेकीला घेऊन पलीकडच्या दुकानाच्या आवारात थांबले, कुतूहल म्हणून. पाऊण तासाने नारिंगी जाकिटातला एक माणूस व्हॅनमधून आला. आधी पेटी उघडून मीटर लावला. मग लोखंडी सळईने रुळालगतच्या खाचेतून चिखल खरवडला. खालून घट्ट पांढऱ्या-करड्या वड्या निघाल्या, अगदी नारळाच्या वडीसारख्या. झाडूने सगळं साफ करून पुन्हा मीटर. फाटक वर गेलं. मग त्याने एक जाड केबल काढली, बॅटरी उतरल्यावर मोटारीला लावतात तसली, आणि दोन्ही रुळांना चिमटे लावले. दिवे, घंटा, दांडे खाली! काढली की वर. असं तीनदा. मागच्या मोटारवाल्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. काका, तुमचा पहिला प्रतिसाद डोळ्यांसमोर घडताना पाहिला.

जाताना मी विचारलं काय झालं होतं. तो म्हणाला, "मीठ. रात्री पुन्हा बर्फ आहे, पुन्हा येईन."

जुना_सिग्नलवाला | गुरुवार

वा! ती केबल म्हणजे शंट. केबल लावल्यापासून दांडा आडवा व्हायला किती सेकंद लागले, मोजलंत का?

पावशेर | गुरुवार

मी नाही, पण लेकीने मोजलं. तिला आकडे नुकतेच यायला लागलेत, त्यामुळे दिसेल ते मोजते. ती बारावर पोचली तेव्हा दांडा आडवा झाला. पण सातनंतर ती थेट नऊ म्हणते, तेव्हा तुमच्या हिशेबात एक कमी धरा.